नुसते 'साल' म्हणू नये

वाय तेबिंग पोलीस ठाणे, लाम्पुंग.

मी, वेनिंग प्रामेस्ती, वय २९ वर्षे, व्यवसाय पशुवैद्य, वाय तेबिंग नदीच्या उत्तर काठावरील फीडलॉटमध्ये चारा व आरोग्य विभागाची प्रमुख, राहणार कर्मचारी वसाहत, सुम्बर केनांगा, आज मंगळवारी दुपारी कुणी न बोलावता ठाण्यात आले आणि तपासी अधिकारी सहायक निरीक्षक बोनार सितोरुस यांच्यासमोर बसून सांगते ते असे.

आज सकाळी आमच्या गाळा क्रमांक सातमध्ये चार बैल मेले. त्यांना विष घातल्याच्या संशयावरून बदके राखणारे म्बाह (म्हणजे आजोबा) सादिरान, वय अंदाजे सत्तर, यांना ठाण्यात बसवून ठेवले आहे. बैल विषानेच मेले. पण ते विष म्बाह सादिरान यांनी घातलेले नाही. कुणीच घातलेले नाही. हे मला कसे माहीत, ते क्रमाने सांगते.

आमच्याकडे ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेले बैल चार महिने बांधीव गोठ्यात ठेवून पोसले जातात. त्यांनी काय खावे, किती खावे आणि खाल्लेले त्यांना मानवते की नाही, हे पाहणे माझे काम आहे. मी बोगोरला पशुवैद्यक शिकले. या जागेवर मला चौथे वर्ष चालू आहे. या काळात खाण्यामुळे आमचा एकही बैल मेला नव्हता. आजपर्यंत.

माझा दिवस गव्हाणीपासून सुरू होतो. आम्ही त्याला गव्हाण वाचणे म्हणतो. कालचे खाद्य किती उरले, बैलांनी ते हुंगून सोडले की चाळून खाल्ले, गव्हाणीचा तळ जिभेने घासून चकचकीत केला आहे का, हे पाहून आजचा खुराक ठरतो. तळ चकचकीत असेल तर बैल उपाशी राहिला आहे आणि आज अधाशासारखा खाईल. त्याला एकदम जास्त घातले तर कोटीपोटात, म्हणजे बैलाच्या पहिल्या मोठ्या पोटात, आम्ल होते, पोट फुगते, पाय धरतात. त्यानंतर मी शेण पाहते. नवीन माणसे यावर हसतात. महिनाभरात तीही पाहू लागतात.

खुराकात पाम पेंड, मक्याचा चारा, मळी, साबुकंदाचा चोथा आणि अननसाची साल असते. साबुकंदाचा चोथा म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे गिरणीत पीठ काढून घेतल्यावर उरतो तो. तो किसलेला आणि धुतलेला असल्याने निर्धोक असतो. तरीही त्याची प्रत्येक खेप मी पिक्रेटच्या पट्टीवर तपासते, कारण कडू साबुकंदात सायनाइड असते. पट्टी पिवळी असते. सायनाइडच्या वाफेने विटकरी होते. अननसाची साल मी तपासत नाही. तिच्यात तपासण्यासारखे काही नसते.

आज मिक्सर गाडीने पहिला खुराक गाळा सातमध्ये टाकला. सातमध्ये कुर्बानीच्या ईदसाठी निवडलेले बैल आहेत, आमच्याकडचे सर्वात भरलेले. मी तेव्हा गाळा नऊच्या गव्हाणीपाशी होते. आमचे गोठाप्रमुख वालुयो माझ्याकडे येताना दिसले; मी त्यांना आदराने पाक म्हणते, ते मला बु. पाक वालुयो गोठ्यात कधी पळत नाहीत; पळणाऱ्या माणसाला पाहून बैल बिथरतात, हा त्यांचाच नियम आहे. आजही ते पळत नव्हते, पण असे चालताना मी त्यांना याआधी पाहिले नव्हते.

"बु डॉक्टर, तांबड्या बसला."

"बसू दे की, पाक. खाऊन बसतातच."

"खाऊन नाही. खाता खाता बसला. तोंडात घास तसाच आहे."

तांबड्या हा गाळा सातचा दादा होता. तो मागे सरेपर्यंत दुसरा कुणी गव्हाणीत तोंड घालत नसे. मी पोचले तेव्हा तो गेलेला होता. त्याच्याजवळचे तीन बैल आडवे पडून पाय झाडत होते आणि माझ्यासमोर संपले. आणखी पंधरा-सोळा बैल पाय फाकवून, तोंड उघडे टाकून श्वास घेत होते. काहींना झोकांड्या जात होत्या.

मी हिरड्या पाहिल्या. त्या जास्वंदीसारख्या लालभडक होत्या. गुदमरणाऱ्या जनावराच्या हिरड्या निळ्या पडायला हव्यात. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि लाळ गळत नव्हती. शेतात फवारतात ते कीटकनाशक पोटात गेले असते, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबल्या असत्या. शिवाय जे पडले ते सगळे गव्हाणीवर पुढे असणारे, दांडगे बैल होते. आजार आधी दुबळ्याला गाठतो. दांडग्याला आधी गाठते ते खाणे.

मी मिक्सर गाडी जिथे होती तिथेच थांबवायला सांगितली आणि गव्हाण रिकामी करायला लावली, फावड्याने, हाताने, ज्याला जे मिळेल त्याने. दुसऱ्या कुठल्याही गाळ्यात तो खुराक गेला नाही.

यावरचे औषध सोडियम थायोसल्फेट. ते माझ्या कपाटात तयार होते. दोन वर्षांपूर्वी मी ते मागवायचे म्हटले तेव्हा आमचे व्यवस्थापक पाक हर्सोनो सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अहो बु डॉक्टर, हे तर फोटो धुवायचं हायपो! लग्नाचे फोटो घरीच धुणार की काय? आधी नवरदेव तरी ठरवा." सगळे हसले होते. त्यांचे हसून होईपर्यंत मी उभी राहिले. मग त्यांनी सही केली. जिथे जनावरांना साबुकंद खाऊ घालतात तिथे हे औषध असलेच पाहिजे, असे माझे मत होते व आहे.

हे औषध शिरेत द्यावे लागते आणि त्यासाठी बैल खोड्यात घ्यावा लागतो. आमचा खोडा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेवढे चालवले असते तर बैल वाटेतच पडले असते. सायनाइडमध्ये रक्तात प्राणवायू असतो, पण अंगाला तो वापरता येत नाही. अशा वेळी घाबरवणे म्हणजे मारणेच. म्हणून पाक वालुयो यांनी बैल जागेवरच धरायचे ठरवले. हे बैल गावातल्या गोठ्यातले नाहीत. मोकळ्या रानात वाढलेले आहेत आणि माणसाचा हात त्यांना खपत नाही.

आमच्या माणसांना एरवी शिट्ट्या आणि आरोळ्यांची सवय आहे. पाक वालुयो यांनी ओठांवर बोट ठेवले, आणि त्यानंतर सगळे काम बिनआवाजाचे झाले. दोर अलगद गळ्यात पडायचा, खांबाला एक वेढा, मान बाजूला, डोळ्यांवर ओले पोते. मी शीर शोधायची आणि सुई घालायची. एक बैल सुटला की पुढच्याच्या डोळ्यांवर पोते आलेले असायचे. मला कुणाला काही सांगावे लागले नाही. पाक वालुयो प्रत्येक बैलाच्या कानाशी जावानीजमध्ये काहीतरी पुटपुटत होते. तो काही मंत्र होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, शिव्या होत्या. मी इथे सांगणार नाही अशा. पण आवाज बाळ निजवतानाचा होता.

मी सुई हातात घेतल्यानंतर एकही बैल मेला नाही. जे बैल अजून नीट उभे होते त्यांना तेच औषध नळीने पोटात दिले. मी इथे यायला निघाले तेव्हा गाळ्यातले उरलेले सगळे बैल पाणी प्यायले होते आणि बरेचसे रवंथ करत होते. सायनाइड पोटात गेलेले रानटी बैल खोड्याशिवाय, जागच्या जागी धरून वाचवल्याचे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. माझ्या माणसांनी ते केले. मला त्यांचा अभिमान आहे. हे वाक्य तपासाशी संबंधित नाही, वगळायचे का, असे अधिकाऱ्यांनी विचारले. वगळू नये.

आम्ही गाळ्यात असतानाच पाक हर्सोनो पहारेकऱ्याला घेऊन ठाण्यात आले होते. पहारेकऱ्याने उजाडताना म्बाह सादिरान यांना चाऱ्याच्या शेडमागून पाठीवर पोते घेऊन जाताना पाहिले होते. शिवाय गेल्या महिन्यात कालवा साफ करायला गाव जमले होते, तेव्हा म्बाह सादिरान सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुमच्या गटारानं माझी बदकं मेली, तर तुमचे बैलही उभे राहायचे नाहीत, सांगून ठेवतो!" हे मीही ऐकले होते. पाक हर्सोनो यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही जोडल्या असत्या.

मी तांबड्याचे कोटीपोट उघडले. कडू बदामाचा वास आला. हा वास प्रत्येकाला येत नाही, मला येतो. मग गव्हाणीतून काढलेला खुराक निवडून पाहिला. त्यात अननसाची साल नव्हतीच. बाहेरून तपकिरी पापुद्रा, आतून पांढरट गुलाबी, अशा चिरलेल्या पट्ट्या होत्या. ती साबुकंदाची ताजी साल होती. कडू साबुकंदातले सर्वात जास्त सायनाइड त्याच्या सालीत असते. पट्टी लावली. विटकरी झाली. शेडमध्ये ज्या ढिगातून माल उचलला होता, त्याचीही पट्टी विटकरी झाली.

पाक वालुयो शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मी काल ट्रक उतरताना पाहिला होता, बु डॉक्टर. मला वाटलं, साबुकंदच आहे, तो तर आपण रोज घालतो."

"चोथा घालतो, पाक."

"एकाच कंदाचं ना दोन्ही?"

"कोंबडी आपण खातो. पिसं खातो का?"

"माझी सासू शिजवते तेव्हा पिसंही येतात," असे ते म्हणाले. त्यांच्यावर ठपका ठेवता येणार नाही. साबुकंद निर्धोक असतो हे इथे आल्यापासून मीच त्यांना सांगत आले आहे.

म्हणजे विष कुणी चोरून आणून टाकले नव्हते. ते दिवसाउजेडी, ट्रकमधून, आमच्याच वजनकाट्यावरून आत आले होते. ट्रकभर साबुकंदाची साल आमच्याकडे का आली, हे तेव्हा मला माहीत नव्हते. पण एका म्हाताऱ्या माणसाने ती पोत्यातून आणली नाही, एवढे नक्की होते. हे सांगायला मी हात धुऊन ठाण्यात आले.

ठाण्यात म्बाह सादिरान बाकावर ताठ बसले होते. त्यांच्या पायाशी बांबूची टोपली होती आणि टोपलीत मेलेली बदके होती. मी अधिकाऱ्यांना विचारले की जप्त केली आहेत काय.

पाक सितोरुस म्हणाले, "जप्त कसली! हा स्वतःच घेऊन आला. फीडलॉटच्या गटारानं बदकं मेली म्हणून तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायला. आणि ह्याच टेबलावर तुमचे साहेब ह्याच्याविरुद्ध तक्रार देत बसलेले! मी म्हटलं, वा, आज फिर्यादी आणि आरोपी पायानं चालत आले, मला उन्हात जायला नको."

"त्यांनी काय सांगितलं?"

"हा? मी विचारलं पोत्यात काय होतं, तर गप्प. पोतं होतं का, तर गप्प. म्हटलं म्हातारबा, बोलला नाहीत तर मुक्काम इथंच. तर म्हणतो, चालेल, इथं डास कमी दिसतात."

मी टोपलीतल्या एका बदकाची चोच उघडून पाहिली. तोंडाची आतली बाजू जास्वंदीसारखी लाल होती. तेव्हा मला पोत्यात काय होते ते कळले, आणि म्बाह सादिरान गप्प का होते तेही कळले.

म्बाह सादिरान अधूनमधून शेडमागून पोतेभर अननसाची साल नेतात, हे गोठ्यात सर्वांना ठाऊक आहे. पाक वालुयो अशा वेळी दुसरीकडे पाहतात. आज त्यांनी नेहमीप्रमाणे पोते भरले, पाटाकाठी बदकांपुढे रिकामे केले, आणि बदके पडली. आमची साल बदकांना कधी बाधली नव्हती, म्हणून त्यांनी दोष पाण्याला दिला. (लेखनिकांनी इथे 'आमची अननसाची साल' असे लिहावे.) पण पोत्यात काय होते हे सांगायचे म्हणजे ते कुठून आणले हेही सांगणे आले.

मी त्यांच्याशी जावानीजमध्ये बोलले, वडीलधाऱ्यांशी बोलतात त्या भाषेत. पाक सितोरुस बाटाक आहेत, उत्तरेकडच्या तोबाचे. त्यांना ती कळत नाही. काय बोलणे झाले ते शब्दशः सांगावे असे त्यांनी म्हटल्यावरून सांगते.

"म्बाह, यातलं एक बदक मला उघडू द्या."

"मेलेल्याला कशाला आणखी त्रास?"

"ते कशानं मेलं हे मला ठाऊक आहे. ह्यांना दाखवायचं आहे."

"मग सांग की पाण्यानं मेलं. तुमच्या."

"पाण्यानं नाही मेलं, म्बाह."

त्यावर त्यांनी टोपलीतल्या एका बदकाची मान सरळ केली. मग म्हणाले, "न्दुक," घरच्या पोरीला म्हणतात तसे. एरवी ते मला टोमणा मारल्यासारखे 'बु डॉक्टर' म्हणतात. "न्दुक, माझ्या बापानं इथून किनाऱ्यापर्यंत बदकं फिरवली. कापणी झालेल्या प्रत्येक शेतात उतरला. कुणाच्या खळ्यातला दाणा उचलला नाही. विष घातलं म्हणून मला नेलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. चोर म्हणून नेलं तर काय म्हणतील?"

"ढिगातली घेतली होती, की कडेला मातीत सांडलेली?"

त्यांनी मान वर केली.

"सिमेंटच्या बाहेर मातीत सांडलेलं आम्ही बैलांना घालत नाही," मी म्हटले. "माती पोटात जाते. ते झाडून बाहेर टाकतात. टाकून दिलेलं कोण उचलतो, याच्याशी माझ्या विभागाचा संबंध नाही."

"कडेची," ते म्हणाले.

मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला नाही.

पाक हर्सोनो अजून ठाण्यातच बसले होते आणि त्यांना जावानीज येते. ते मध्येच म्हणाले, "बु डॉक्टर, टाकून दिलेलं म्हणजे? हा नियम कधी झाला?"

"बैलांच्या पोटात काय जायचं आणि काय नाही, हे मी ठरवते, पाक. मातीतलं जात नाही. तुम्ही कधी गेलेलं पाहिलंत का?"

त्यांनी पाहिलेले नव्हते. तसे ते म्हणाले.

म्बाह सादिरान यांनी टोपली पायाने माझ्याकडे सरकवली. मी व्हरांड्यात पालथ्या घमेल्यावर बदक ठेवून उघडले. बदकाला कोंबडीसारखी गळ्यात पिशवी नसते. पण अन्ननळी फुगून भरलेली होती. आत तपकिरी पापुद्र्याच्या, गुलाबी पट्ट्या होत्या. त्यातल्या चिमूटभर पट्ट्या चुरून ठाण्यातल्या चहाच्या ग्लासात टाकल्या, थोडे कोमट पाणी घातले, पिक्रेटची पट्टी बशीच्या तळाला चिकटवली आणि ग्लासावर बशी झाकली. ठाण्यातले सगळे येऊन उभे राहिले. पट्टी पिवळीची नारिंगी झाली आणि मग विटकरी. मी गोठ्यातून आणलेल्या दोन पट्ट्या तिच्याशेजारी ठेवल्या. तिन्ही पट्ट्या या जबाबाला जोडल्या आहेत.

पाक सितोरुस यांनी ग्लासाकडे पाहून विचारले, "हा घासला तर चालेल?"

"फेकून द्या. बशीसुद्धा."

"माझाच होता," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितले की जो माणूस बैलांना विष घालतो, तो तेच विष स्वतःच्या बदकांना चारत नाही. हे त्यांना पट्टीपेक्षा लवकर पटले.

मग हा माल आलाच कुठून, असे त्यांनी विचारले. पाक हर्सोनो म्हणाले की साल त्यांनीच मागवली होती, अननसाची. अननसाचा कारखाना सफाईसाठी बंद असल्याने नेहमीचा ट्रक येणार नव्हता. म्हणून त्यांनी नदीपलीकडच्या एका नव्या ट्रकवाल्याला फोन केला होता. पाक सितोरुस यांनी त्यांना तिथूनच फोन लावायला आणि तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवायला सांगितला.

"मी तुला काय पाठवायला सांगितलं होतं?" पाक हर्सोनो यांनी विचारले.

"साल! ताजी पाहिजे म्हणालात. ताजीच दिली, पाक, सकाळी सोलली नि दुपारी तुमच्या दारात. वाळकी निघाली का?"

"अरे, कशाची साल?"

"कशाची म्हणजे? साल म्हणजे साल. साबुकंदाची."

"मला अननसाची पाहिजे होती!"

"मग अननस म्हणायचं ना, पाक! अननसाला साल कोण म्हणतं? त्याची तर टरफलं."

आमच्या उत्तर काठावर अननसाचे मळे आहेत. इथे साल म्हटले की दुसरी कुठली कुणाच्या डोक्यात येत नाही. दक्षिण काठावर साबुकंद आहे आणि तिथेही येत नाही. मध्ये एक नदी आहे आणि तिच्यावर पूल आहे, एवढेच.

पाक सितोरुस म्हणाले, "बरं झालं आमच्या तोबाकडे फोन नाही लावलात. तिकडे साल म्हटलं की दालचिनी पाठवतात." ते एकटेच हसले.

पाक हर्सोनो खुर्चीत बसले. "चौदा वर्षं मी साल म्हणतोय," ते म्हणाले. "एकदा कुणी विचारलं नाही कशाची."

हे खरे आहे. आमच्या चाऱ्याच्या फळ्यावरही तोच एक शब्द असतो. मी निघण्यापूर्वी तो पुसून आले आहे. नवीन शब्द किती लांब लिहायचा हे पाक वालुयो यांनी विचारले. मी म्हटले, फळा भरला तरी चालेल.

विचारल्यावरून सांगते की, यात गुन्हा घडलेला नाही. पाक हर्सोनो यांनी मुद्दाम काही केले नाही आणि ट्रकवाल्याने मागितले तेच दिले. फीडलॉटच्या वतीने म्बाह सादिरान यांच्याविरुद्ध दिलेली तक्रार पाक हर्सोनो यांनी माझ्यासमोर मागे घेतली. म्बाह सादिरान यांनी गटाराच्या पाण्याबद्दलची त्यांची तक्रार मागे घेतलेली नाही. "ही बदकं पाण्यानं मेली नाहीत, म्हणून पाणी चांगलं ठरत नाही," असे ते म्हणाले. ते बरोबर आहे. पाण्याचा नमुना मी उद्या घेणार आहे.

त्याच ट्रकवाल्याने उत्तर काठावर आणखी कुठे साबुकंदाची साल उतरवली आहे का, हे पोलिसांनी आजच विचारावे. शेळी मरायला ती बैलापेक्षा कमी पुरते. मेलेले चारही बैल मी चुना घालून पुरायला लावले आहेत. त्यांचे मांस कुणालाही मिळणार नाही, ईद असली तरी. बदकांसाठीही तेच सांगितले आहे.

म्बाह सादिरान यांना सोडण्यात आले. रिकामी टोपली घेऊन जाताना ते माझ्यापाशी थांबले. बाकी बदके त्यांनी नातवाकडे शेतात सोडली होती.

"न्दुक, उरलेल्यांना आता काय घालू?"

"कोंडा घाला. आणि भाताच्या शेतातल्या गोगलगायी. कडेचं काही आठवडाभर उचलू नका."

"आणि मग?"

"मग कारखाना सुरू होतो."

त्यांनी मान हलवली. दारातून वळून पाक सितोरुस यांना म्हणाले, "डास आहेत हो तुमच्याकडेसुद्धा." मग गेले.

हा जबाब लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मी तो शेवटपर्यंत कान देऊन ऐकला. माझ्या माणसांबद्दलचे वाक्य जागेवर आहे. दोन ठिकाणी लेखनिकांनी नुसते 'साल' लिहिले होते. त्यांतल्या एका ठिकाणी 'अननसाची' आणि दुसऱ्या ठिकाणी 'साबुकंदाची' असे शब्द माझ्यासमोर शाईने घातले असून दोन्हींपाशी माझी सही आहे. इतरांच्या तोंडचा शब्द ते बोलले तसाच ठेवला आहे. आता जे सांगितले तेच लिहिले आहे.

वेनिंग प्रामेस्ती
समक्ष: बोनार सितोरुस, सहायक निरीक्षक